तबकडीवरचे आकडे

बापूंच्या जुन्या मनगटी घड्याळाची कडा झिजली होती, तबकडी मात्र नवीकोरी दिसत होती. नागपूरहून जयपूरला आलेल्या मिहीरने वडिलांचे घड्याळ बहिणीपुढे ठेवले. “ताई, अस्सल घड्याळ कुणाला विकलंस? बापू इथे तुझ्याकडेच राहतात ना?” नेत्ररुग्णालयातून दमून आलेल्या डॉक्टर कौमुदीला वादाचेही त्राण नव्हते. तिने झाकण उघडून भिंग लावले. यंत्र मूळचेच होते. तबकडीही जुनीच होती; तिला नवा रंग देऊन नाजूक आकड्यांच्या जागी जाड, काळे आकडे काढले होते. “बापू, हे कुणी केलं?” “मीच चारदीवारीत, जुन्या शहरातल्या घड्याळजीकडून करवून घेतलं. ठसठशीत दिसतात ना?” तिने वर्तमानपत्र त्यांच्यापुढे धरले. “हे वाचा.” बापूंनी ते दुमडले. “दिवसभर लोकांचे डोळेच तपासतेस, घरी आणखी एक पेशंट कशाला?” मिहीरने मान खाली घातली. बापूंना मूळचे बारीक आकडे दिसेनासे झाले होते.