एकेचाळीस भाऊ

"सितियाला जेवायला थांबायचं नाही," मानूसोस म्हणाला आणि त्यानं नकाशावर लाल फुली मारली. "तिथं माझे दोन आहेत."

त्याच्या मुलीनं, देस्पिनानं, पेन्सिलीची रेघ खोडली आणि जरा खालून दुसरी ओढली. सात दिवसांत गाडीनं क्रीट बेटाची अख्खी प्रदक्षिणा घालायची होती. रविवारी निघायचं, शनिवारी शेवटचा मुक्काम. आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून ही सहल, असं तिनं घरात सांगितलं होतं. खरं कारण शेवटच्या मुक्कामावर, पालिओखोरात राहत होतं. त्याचं नाव रादेक.

'माझे दोन' म्हणजे दोन धर्मपुत्र. कुणीही येऊन आमच्या पोराचा धर्मपिता हो म्हटलं, की मानूसोसला नाही म्हणता येत नसे. अशी एकेचाळीस पोरं त्यानं बाप्तिस्म्याला तेल चोळून पाद्र्याच्या हाती दिली होती. सगळे मुलगेच. एकाच धर्मपित्याची मुलं, मानलेली आणि पोटचीही, एकमेकांची भावंडं ठरतात, त्यांची लग्नं होत नाहीत. उगाच कुणाचं लग्न अडायला नको म्हणून मुली त्यानं कधी घेतल्याच नाहीत. सगळ्या बेटाचा विचार केला त्यानं. घरात एक मुलगी आहे, एवढंच विसरला.

देस्पिना आता चौतीस वर्षांची होती. पहिलं स्थळ साखरपुड्याला मोडलं. बाबांनी मुलाला मिठी मारली आणि म्हणाले, अरे, तू तर माझाच. दुसरं चर्चच्या दारापर्यंत गेलं. तिथं पाद्र्यानं रजिस्टर उघडलं, वाचलं आणि मिटलं.

"दुसऱ्या बापांनी पोरींना एखाददुसरा भाऊ दिला," तेव्हा ती म्हणाली होती. "तुम्ही बेट भरून दिलेत."

रादेक झेक होता. बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याच्या आईवडिलांचा कशावरच विश्वास नव्हता, त्यामुळे त्याचा बाप्तिस्माच झाला नव्हता. हे ऐकलं आणि देस्पिनाला तो एकाएकी फार देखणा दिसायला लागला. चर्चमध्ये लग्न करायचं तर आधी बाप्तिस्मा हवा, एवढंच तिनं त्याला सांगितलं होतं. ते मी बघतो, तो म्हणाला होता. मग त्यानं विचारलं, तुझ्या बाबांना काय आवडतं? मेंढ्या आणि बाप्तिस्मे, ती हसून म्हणाली होती.

आता शनिवारी बाबांनी पालिओखोरात थांबायला हवं होतं. तिथं एखादा धर्मपुत्र निघाला, तर ते थांबणार नव्हते. डॉक्टरांनी त्यांची राकी, ती घरगुती कडक दारू, बंद केली होती, आणि धर्मपुत्राच्या घरी पेला नाकारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं.

"खानिया?"

"सहा."

"दुपारी तीनला जाऊ. सगळे झोपलेले असतात."

"झोपेतसुद्धा माझी गाडी ओळखतात ते."

फुली. किसामोसवर फुली. उत्तरेचा सगळा किनारा लाल झाला. 

आई, आरगीरो, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला रात्रीच्या जेवणासाठी गोगलगाई निवडत होती. त्या पातेल्याच्या काठावर चढायच्या आणि ती त्यांना बोटानं परत आत ढकलायची. एक निसटून नकाशावर आली होती.

"ते पिंप गाडीतून काढलंस का, म्हाताऱ्या?" ती म्हणाली. "ओलं राहिलं तर कुबट वास येईल."

"वाळतंय."

गेल्या रविवारी मानूसोस मेंढा बघायला म्हणून गेला होता. आला तो मेंढ्याशिवाय, आणि कोपरापर्यंत भिजून. मेंढा पसंत पडला नाही, एवढंच म्हणाला. देस्पिनानं जास्त विचारलं नाही. बाबा घरात नसल्यानं तिला रादेकशी निवांत फोनवर बोलायचं होतं. पण दिवसभर त्यानं फोन उचलला नाही. संध्याकाळी निरोप आला, सर्दी झालीय, शनिवारी तुझ्यासाठी एक गंमत आहे.

"आता हे शेवटचं," ती म्हणाली.  "पालिओखोरा."

मानूसोसनं खिशातून धर्मपुत्रांची वही काढली. एवढा वेळ त्यानं वही उघडली नव्हती, सगळं तोंडपाठ होतं. आता मात्र त्यानं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं. आईचा हात पातेल्यावर थांबला. गोगलगाय हळूहळू दक्षिण किनाऱ्याकडे निघाली होती.

"वहीत कुणी नाही," तो म्हणाला.

देस्पिनानं पालिओखोराभोवती पेन्सिलीनं जाड गोल काढला. मग त्यावर आणखी एक.

"मग शनिवारी तिथंच," ती म्हणाली. "बाबा, तिथं मला तुमची एका माणसाशी गाठ घालून द्यायचीय."

"मलाही तुम्हा दोघींची एकाशी गाठ घालून द्यायचीय." मानूसोस ओशाळं हसला. "आपल्याला थांबायला हरकत नाही. परदेशी आहे, राकीचा आग्रह त्याला अजून जमत नाही."

त्यानं लाल पेन उचललं, गोगलगाय बाजूला सारली आणि त्या जाड गोलाच्या बरोबर मध्ये फुली मारली.

"वहीत लिहायचा राहिलाय. एवढा दाढीवाला मी कधी बुडवला नव्हता, पिंपात निम्मा बाहेरच राहिला. मुलीच्या बापाला खूश करायचंय म्हणाला, म्हणून धर्मपिता मीच हवा, असं अडून बसला होता. मुलगी कोण, ते शनिवारी सांगणार आहे."