सत्ताविसावा होकार

सत्तावीस देशांच्या यंत्रांनी होकार दिल्याशिवाय पुलावरचं फाटक उघडत नसे. सहा तासांत सव्वीस होकार आले होते. सत्ताविसावं यंत्र नुसतं "विचाराधीन" म्हणत राहिलं आणि युद्धातून पळून आलेली हदील फाटकाच्या गजांना धरूनच बाळंत झाली.

"मुलगा झाला गं," कराडहून मदतपथकात आलेली नर्स वत्सला घोरपडे म्हणाली.

फाटकावरचा आवाज लगेच बोलला, "बाहेर एक अनधिकृत व्यक्ती वाढली आहे. संकटकाळ जाहीर. सत्तावीस होकार."

वत्सलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आईला आत घ्यायला सहा तास पुरत नाहीत, आणि या मुठीएवढ्या जिवाविरुद्ध क्षणात एकमत होतं होय रे, मेल्या?"

"बाळाचं मूळ गाव सांगा."

तिने कापलेली नाळ उचलली आणि गजांतून खांद्यापर्यंत हात आत घातला. भोंगा केकाटू लागला. झेंड्याखालच्या फुलांच्या वाफ्यात तिने बोटांनी माती उकरली, नाळ पुरली आणि वर माती दाबली.

"आमच्याकडे नाळ पुरतात तेच माणसाचं गाव," ती ओरडली. "लिही. फाटकाच्या आत."