आठव्या घरातला मंगळ

यंत्राला आवाज इंदुताईंचाच हवा, हा हट्ट कपिलचा होता. अपेक्षाने तीनदा नकार दिला आणि अखेर तीच इंदुताईंसमोर, आपल्या आजीसमोर, संवादाचे कागद घेऊन उभी राहिली.

महागावबाहेरच्या मुरमाच्या खदानीत चार दिवसांपासून मंगळ ग्रह उभा होता. लाल मुरूम, कोरडे आभाळ आणि मधोमध जुन्या कूलरच्या सांगाड्याला चंदेरी कागद लावून केलेले ज्योतिषयंत्र. मुलांच्या वाहिनीसाठी अर्ध्या तासाची विज्ञानकथा तयार होत होती. लेखन अपेक्षाचे, दिग्दर्शनही तिचेच. तेविसाव्या शतकात कोणत्या मुलाने काय शिकायचे, हे यंत्र जन्मवेळेवरून ठरवते. आणि एके दिवशी मंगळावर जन्मलेली पहिली मुलगी त्याच्यापुढे येऊन उभी राहते. ती मुलगी म्हणजे जवळच्या तांड्यावरची, पाचवीतली पुष्पा. पाठीवर प्राणवायूची टाकी म्हणून चंदेरी रंगवलेला फवारणीचा पंप.

पुष्पाने पहिल्याच दिवशी अपेक्षाला विचारले होते.

"ताई, माह्या पत्रिकेत मंगळ कोणत्या घरी मांडसान? तो त माह्या पायाखाली हाय."

अपेक्षाने ते वाक्य तसेच संवादात घेतले.

कथेसाठी मंगळच का, हे घरात कोणी विचारले नाही. अपेक्षाच्या पत्रिकेत आठव्या घरी मंगळ होता. बारावीत असल्यापासून तीन स्थळे आली आणि तिन्ही परत गेली. त्यात आजीचा हात मोठा. पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बशा येण्याआधी पत्रिका येई आणि इंदुताई ती स्वतः पुढे करीत. पोरीला कडक मंगळ आहे, मागाहून बोल लावू नका, असे त्या अशा स्वरात सांगत की पाहुणे घाईने चहा संपवून उठत. वडील धुसफुसत, आई पदराने डोळे पुसे. त्यानंतर अपेक्षा यवतमाळला बी.एस्सी. झाली, पुण्याला जाऊन चित्रपट शिकली. आजीवरचा राग मात्र अठराव्या वर्षीचाच राहिला.

आता तिला तिसावे लागले होते आणि स्थळ शोधण्याची गरज उरली नव्हती. कपिल वणीचा, ध्वनिमुद्रण करणारा, पाच वर्षांचा सोबती. आज त्याची आई यायची होती. मुलगी त्यांना पसंत होती. पत्रिका तेवढी एकदा पाहायची होती. थोरल्या मुलाचे लग्न पत्रिका न पाहता झाले आणि वर्षाच्या आत चंद्रपूरच्या रस्त्यावर तो अपघातात गेला. तेव्हापासून त्या बाईंनी पत्रिका वाचायचे स्वतःच शिकून घेतले होते. आईला रडवून मांडवात उभे राहणे आपल्याला जमणार नाही, असे कपिलने सांगितले होते. तो अपेक्षाला आवडत होता तो याच स्वभावासाठी, आणि आज त्याच स्वभावाची तिला धास्ती होती.

सकाळी तिने आजीला विनवले होते: आज तरी तू काही बोलू नकोस. इंदुताईंनी लुगड्याचा काठ नीट करीत उत्तर दिले की काय बोलायचे ते त्यांना कळते.

ध्वनिमुद्रण एका दमात झाले. "मुली, तुझी वाट आखलेली आहे," असे इंदुताईंनी म्हणताच दिवे धरून उभे असलेले लोकही ताठ झाले. मग चष्मा काढून त्यांनी शंका विचारली. या यंत्राला जन्माची वेळ कोण सांगते? माणूसच सांगतो, अपेक्षा म्हणाली.

"मंग यंत्रावर कायले रागावतं?"

अपेक्षाला तो टोमणा वाटला. ती कागद गोळा करून कॅमेऱ्याकडे वळली.

दुपारी कपिलची आई आली. ताडपत्रीच्या सावलीत इंदुताईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिले, वणीच्या उन्हाची चौकशी केली. पोहे अजून यायचे होते, तोच त्यांनी पिशवीतून पत्रिका काढून पुढे केली. कॅमेऱ्यामागे अपेक्षाने डोळे मिटून घेतले.

कपिलची आई एकेका घरावरून बोट फिरवीत राहिली. मग तिने पत्रिका कपाळाला लावली आणि अपेक्षाला जवळ बोलावून तिचा हात हातात घेतला.

"मंगळ नवव्या घरी हाय, बाई. काही दोष नाही."

कपिल कानावरचे हेडफोन उतरवून पाहतच राहिला. अपेक्षाने पत्रिका पाहिली. नाव तिचे, तारीख तिची, मंगळ खरोखरच नवव्या घरी. कधी कोणाशी आडपडदा न ठेवणाऱ्या आजीने नातीसाठी उतारवयात खोटा कागद करून आणला होता. ती आजीला हाताला धरून यंत्रामागे घेऊन गेली.

"आजी, माह्यासाठी खोटी पत्रिका आणली तू? त्या माउलीनं एक लेक गमावला हाय. तिले फसवून मले त्या घरात नाही जायचं. मी आत्ता सांगून येते."

ती वळली, तसे इंदुताईंनी तिचे मनगट धरले.

"थांब. हे खरी हाय. तू सकाळी साडेसहाले झालती, मीच होती तिथं. बारावीत असतानी तुह्या बापानं लग्नाचं काढलं, आन् तुले त शिकायचं होतं. तव्हा मंगळ आठव्यात पडावा म्हून गुरुजीले साडेआठ मीच सांगतले."