हलकी सायकल

खडखडाट सुरू झाला तेव्हा सलोनीनं वळून पाहिलं नाही. काळी सायकल, डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा, हँडलला टांगलेला पत्र्याचा डबा. आठवडाभर हा माणूस रोज सकाळी जंगल सुरू होतं त्या वळणावर उभा असायचा. ती पुढे गेली की मागे लागायचा.

"ओ मॅडम! थांबा जरा!"

तिनं पेडलवर जोर दिला. जाड टायरची तिची सायकल कॉलेजातली, चढ आला की म्हशीसारखी अडून बसायची. साग संपून कपाशी लागेपर्यंत डबा मागे वाजत राहिला. मग थांबला. बोरी अरबच्या रस्त्यावर पुढच्या फाट्याशी उतरल्यावर कुठं तिनं मागे वळून पाहिलं.

परतताना भीती नसायची. तोवर रस्त्यावर एसटी, ट्रॅक्टर, मजुरांच्या गाड्या सुरू झालेल्या असत.

सलोनी दिवाळीनंतर अकोल्याहून लोहाऱ्याच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरीला आली होती. खोलीत सोबत दीपा होती, दारव्ह्याची.

"रस्ता बदल," दीपा म्हणाली.

"दुसरीकडं सगळे ट्रक."

"मंग पोलिसात सांग."

"काय सांगू? हात लावला नाही, शिवी दिली नाही. मागे येतो, एवढंच."

"येवढंच? मले आयकूनच कसंतरी होऊन राह्यलं. सोड ना बाप्पा ते सायकल! कायले जीव धोक्यात घालतं?"

सायकल सोडायची नव्हती. नागपूरची लांब पल्ल्याची राइड तिनं गेल्या वर्षी अर्ध्यातून सोडली होती, यंदा ती पुरी करायची होती; त्यासाठीच हा रोज सकाळचा सराव. आणि एका माणसाच्या भीतीनं आज रस्ता सोडला तर उद्या आणखी काय सोडावं लागेल, हे तिला ठाऊक होतं.

संध्याकाळी ती फुलचंदच्या सायकलींच्या दुकानात गेली. तिथली रोड बाइक ती महिनाभर पाहत होती. पातळ टायर, खाली वाकलेलं हँडल, एका हातानं उचलावी इतकी हलकी. रोज पाहायची आणि रोज नको म्हणायची. या खड्ड्यांत ते टायर टिकतील का? वाकून वाकून पाठ धरली तर? आणि जुनीनं तरी काय बिघडवलं होतं?

"तुमची जुनी काही मरत नाही," फुलचंद म्हणाला. "मी उगाच घ्या म्हणणार नाही."

"साध्या सायकलवाल्याला मागे टाकेल ही?"

फुलचंद हसला. "टाकन म्हणजे? त्याले तुमी दिसणारच नाही. अन् आवाज नाही इले. कुत्र्याच्या बाजूनं गेल्या तरी त्याले पत्ता लागत नाही."

सलोनी हँडलवरून हात फिरवत राहिली. त्या माणसाचं सांगावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर यानंही जाऊ नका म्हटलं असतं.

"उद्या चालवून पाहा," तो म्हणाला. "मंग ठरवा."

सकाळी ती दुकानातली नवी सायकल घेऊन निघाली तेव्हा तुरीवर धुकं होतं. वळण जवळ आलं तसं सलोनीनं हँडल घट्ट धरलं. तो होता. आज कडेला नव्हता. रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात पसरून उभा होता.

"थांबा! आज जाऊ नका पुढं! आयका तरी!"

थांबली असती तर संपलंच होतं. तिनं सायकल उजवीकडं घातली. त्याची बोटं तिच्या बाहीला घासून गेली. तिच्या तोंडून किंकाळी फुटली. ती हँडलवर पार वाकली, गिअर टाकला आणि जीव खाऊन पेडल मारत सुटली.

डबा मागे वाजला. जोरात. मग लांबून. मग नाहीच.

नाल्याच्या पुलावर येऊन ती थांबली. दोन्ही बाजूंना दाट साग. श्वास मावत नव्हता. तिला हसू आलं, लगेच रडूही आलं. मागचा रस्ता पार रिकामा होता. आठवड्यात पहिल्यांदाच रिकामा. वर सागावर वानरं खॉक-खॉक ओरडत होती, फांद्या हलवत होती. ओरडा बापहो, असं म्हणत तिनं फोन काढला.

"फुलचंदभाऊ, ठरलं. सायकल ठेवली मी."

"वा! कशी वाटली?"

मग तिच्यानं राहवेना. सगळं सांगून टाकलं. "आठवडाभर मागे होता तो. डबा वाजवत. आज तर हात धरायला आला. पण टाकला मागे! आवाजसुद्धा येत नाही आता."





"काळी सायकल? डोक्याले दुपट्टा?"

"हो. ओळखता तुम्ही?"

"उकंडा हाय तो. कालच दुकानात आलता. म्हणे, एक मॅडम हाये, आवाज देला का पळते, काही आयकूनच घेत नाही. मले काय मालूम, ते तुमीच!" फुलचंदचा आवाज एकदम खाली आला. "ताई, कुठं आहा तुमी?"

"नाल्याच्या पुलावर. का?"

"हळू बोला. पळू नका. त्याच नाल्यात पिल्लंवाली वाघीण बसली हाय, म्हणून डबा वाजवत तुमच्या सोबतीले गावानं उकंड्याले ठेवलं होतं."