सिलिकची बाजू

दगडापाशी आल्यावर सगळे थांबले. इथून पुढे जायचं की नाही हे सिलिक ठरवतो. मुठीत मावेल एवढासा करडा पक्षी, पण त्याचा शब्द मोडून तैवानच्या या डोंगरांतला कुठला अतायल माणूस शिकारीला गेल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. तो उजवीकडून सावकाश बोलला तर पुढे निघायचं. डावीकडून घाईघाईनं ओरडला तर आल्या वाटेनं घरी. आणि बरोबरच्या कोणाला शिंक आली, तर पक्ष्याचंही ऐकत बसायचं नाही, मुकाट्यानं मागं फिरायचं.

ऐकण्याचं काम बेहुयचं. सत्तरी ओलांडलेला हा म्हातारा चाळीस वर्षं या दगडापुढे उभा राहून गावच्या शिकाऱ्यांना हो किंवा नाही सांगत आला होता. आज त्याच्यामागं त्याचा मुलगा हायुंग आणि पुतण्या तेमू उभे होते. हायुंगचं लग्न पाच दिवसांवर आलं होतं आणि मुलीकडच्या घरोघरी वाटायला रानडुकराचं मांस हवं होतं. तीन दिवस पाऊस लागून राहिल्यामुळे आधीच उशीर झाला होता. त्या पावसात कड्यावरच्या वाटेचं काय झालं असेल, हा विषय कोणीच काढत नव्हतं.

त्यांच्यामागं दहा पावलं सोडून बेहुयची मुलगी पिसुय उभी होती. बायकांनी शिकाऱ्यांबरोबर जायचं नसतं. पण ती वनखात्यासाठी पक्ष्यांची मोजणी करायची आणि दगडापर्यंत तिची वाट तीच होती. तिच्या वहीत सिलिकच्या नावापुढे किती दिसले, किती ऐकू आले एवढंच लिहायचं असे. कुठल्या बाजूनं, असा रकाना नव्हता.

तेवढ्यात डावीकडच्या बांबूत सिलिक ओरडला. त्यामागून आणखी दोन-तीन, एकाच दमात, घाबरल्यासारखे.

पिसुयनं बापाकडे पाहिलं. तो डोळे मिटून उभा होता. पक्षी पुन्हा ओरडले, आधीपेक्षा जोरात. म्हातारा तसाच. मग त्यानं डोळे उघडले आणि नेहमीच्या खर्जात सांगितलं, "उजवीकडून बोलला. चला."

बाबांना ऐकूच आलं नव्हतं. माणसांचं बोलणं त्यांना कळायचं, ट्रकचा भोंगा कळायचा, पण हा बारीक आवाज आता त्यांच्या कानात शिरतच नव्हता. आणि हायुंग-तेमूचे कान शाबूत असून काय उपयोग? सकाळच्या रानात वीस पक्षी एकदम बोलत होते. त्यातला सिलिक कोणता, हे त्यांनी कधी शिकूनच घेतलं नव्हतं. बेहुय आहे म्हटल्यावर शिकायची गरज काय!

सांगून टाकावं, तर बाईनं ऐकलेला पक्षी हिशेबात धरला जात नाही. आणि धरला, तर त्या क्षणापासून बाबा दगडापुढचा माणूस उरणार नाहीत. सिलिकवर आपला विश्वास आहे का, असं तैपेईत कॉलेजला असताना तिनं स्वतःला पुष्कळदा विचारलं होतं आणि दर वेळी उत्तर टाळलं होतं. पक्षी उगाच ओरडले असतील. किंवा वर कड्यावर माती सुटत असेल. हायुंगनं टोपली पाठीला लावली आणि कड्याकडे तोंड केलं. तिला एकच भाऊ होता.

पिसुय शिंकली. मोठ्यानं, दोन्ही हात तोंडावर धरून.

तेमूनं टोपली खाली आपटली. "तरी मी म्हणत होतो काका, हिला बरोबर घेऊ नका."

हायुंग नुसता बहिणीकडे बघत राहिला. बेहुयही तिच्याकडे बघत होता, जरा जास्तच वेळ.

"शिंक ती शिंक," तो म्हणाला. "मागं फिरा."

दोघं पोरं तरातरा उतरत पुढे गेली. लग्नात आता बाजारातली कोंबडी वाटू आणि वाटायला ताईलाच उभं करू, असं तेमू तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. पिसुयनं ऐकून घेतलं. खोटं शिंकून आपण डोंगराला फसवलं, याची भीती तिला त्या टोमण्यापेक्षा जास्त बोचत होती.

पोरं वळणाआड गेली. पुढे चालणाऱ्या बेहुयनं मागं न बघता विचारलं, "कुठल्या बाजूला होता?"

"डाव्या. तीन-चार होते, बाबा."

त्यानं वाटेत आलेली फांदी बाजूला सारली. मग म्हणाला, "मला वाटायचं, डोंगरातले सिलिकच संपले. तुला विचारणार होतो, मोजणीत किती भरतात. पण विचारायचा धीर झाला नाही."

"मग आज उजवीकडून बोलला असं का म्हणालात?"

"लग्न आहे त्याचं. एरवी ऐकू आलं नाही की मागं फिरवायचो, आज नाही म्हणणं जिवावर आलं." चाळीस वर्षांत तो पहिल्यांदाच दगडापुढे खोटं बोलला होता, आणि तेही पोटच्या पोराशी. पिसुयला त्याची कीव आली नाही. तिला भरून आलं.

पुढच्या उतारावर तो म्हणाला, "परवा परत येऊ. तू माझ्या पाठीशी उभी राहा. ज्या बाजूनं बोलेल, त्या खांद्यावर हात ठेव."

"बायकांनी तिथं..."

"मी सांगतोय ना."

दोघं उतरू लागले. खालच्या झाडीत एक सिलिक बोलला, एकटाच, सावकाश. पिसुयनं दोन पावलं भरभर टाकून बापाच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. बेहुय थांबला. पक्षी बोलायचा थांबला, उडूनही गेला, तरी म्हातारा मान तिकडे वळवून उभाच होता.