पाटी आली की सांग

“पेट्रोल पंप डाव्या हाताला सोडायचा,” एव्हाल्ड आजोबा म्हणाले. “मग रेल्वेचे रूळ. मग लिंडनच्या झाडांची रांग. ती संपली की आपण हॉलंडात.”

मारेनने तेही वहीत उतरवलं. रस्ता जेमतेम साडेपाच किलोमीटरचा, आणि वहीची दोन पानं भरली होती.

जर्मनीतल्या ग्रोनाऊची माणसं शनिवारी सीमेपलीकडच्या ग्लानरब्रुखला मासे खायला जातात, ती कोपऱ्यावर पाव आणायला जावं तशी. त्यासाठी कुणी वही काढत नाही. पण या घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. निघायचं किती वाजता, गाडी चर्चच्या मागे लावायची की बाजूला, तळलेल्या माशावर लसणाची चटणी घ्यायची की लिंबू. आजोबांनी तर गुरुवारीच न्हाव्याकडे जाऊन केस कापून घेतले.

टेबलावर मारेनचं कोरं करकरीत लायसन्स होतं. परवाच तिला अठरा पूर्ण झाली. त्याआधी वर्षभर ती सतराव्या वर्षी मिळणाऱ्या कागदावर गाडी चालवत होती. त्या कागदाच्या दोन अटी. शेजारी नाव नोंदवलेला मोठा माणूस हवा, आणि देशाबाहेर चाक न्यायचं नाही. मोठा माणूस म्हणजे आजोबा. कंबरेच्या ऑपरेशननंतर त्यांनी स्वतः गाडी चालवणं सोडलं होतं, पण नातीच्या शेजारची जागा एक दिवस सोडली नाही.

आता कायद्याला त्यांची गरज उरली नव्हती. सोमवारी मारेन शिकायला म्युन्स्टरला जाणार होती. हातात हा एकच शनिवार होता, आणि आजोबांना तो हवाच होता.

“वाच पुन्हा,” ते म्हणाले. “चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे.”

मारेनने पहिल्यापासून वाचलं. वाचता वाचता कॉफीचा कप त्यांच्या बोटांना लागेपर्यंत पुढे सरकवला.

“तुझ्या आजीला घेऊन याच रस्त्याने जायचो,” आजोबा खुशीत आले. “तेव्हा तिथे अडसर होता, शिपाई होता. येताना हेडविगच्या सीटखाली चोरून आणलेली दोन पौंड कॉफी, तिकडे स्वस्त मिळायची. शिपाई खिडकीत वाकला की ही शिंकायला लागायची.”

“वास लपवायला?”

“छे. हसू लपवायला.”

“आता अडसर नाही आजोबा. नुसती एक निळी पाटी आहे.”

“पाटी आली की सांग हं.”

“तुम्हीच आधी ओरडाल.”

“ओरडेन. पण तू सांग.”

इतक्यात मारेनची आई, अंके, कामावरून आली. ती औषधांच्या दुकानात होती आणि दिवसभर लोकांना डोस समजावून सांगितल्यावर घरातल्यांनाही द्यायची.

“बाबा, एक मोजा निळा, एक तपकिरी. नवरदेवालासुद्धा एवढी घाई नसते.” तिने पिशवी खाली ठेवली. “आणि अजून मी हो म्हटलेलं नाही.”

“आई!”

“मागच्या रविवारी मी मागे बसले होते. डोकं उठवलंस. लाल दिवा. छत्रीवाली बाई. निळा ट्रक, मागे घोड्यांची गाडी. रेडिओ परवडला, तो बंद तरी करता येतो.”

“शिकवणीत टेरहोर्स्टसरांनीच सांगितलंय. दिसेल ते मोठ्याने बोलायचं, म्हणजे लक्ष रस्त्यावर राहतं.”

“पहिले दोन आठवडे. मग सगळी पोरं सोडतात. तुझी टकळी वर्ष झालं तरी चालूच.”

“बोलू दे गं तिला,” आजोबा घाईने म्हणाले. “मला करमतं.”

“गाडी तुमची आहे बाबा, पोरगी माझी आहे. बडबड करत परक्या देशातल्या रस्त्यावर जायचं, तेही पहिल्यांदा? मला नाही पटत.” अंकेने किल्ली उचलून मारेनपुढे धरली. “चल, गावातून एक फेरी मार. बघते आणि ठरवते.”

आजोबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मारेनने जाताना त्यांचा खांदा दाबला.

फेरी अर्ध्या तासाची झाली. जुन्या गिरणीपाशी एक सायकलवाला अचानक आडवा आला. मारेनने हळूच ब्रेक लावला, त्याला जाऊ दिलं आणि पुढे निघाली. शाळेपाशी चेंडूमागे धावणारी मुलगी तिने अंकेच्या आधी हेरली. चौकात पिवळ्या दिव्याला थांबली. एवढ्या वेळात तिच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. अंकेने दोनदा वळून तिच्याकडे पाहिलं, की पोरीला बरं आहे ना.

घरासमोर गाडी लागली तेव्हा अजून ऊन होतं. खालच्या मजल्यावर खिडकीत आजोबा उभे होते. उद्याची टोपी आजच डोक्यावर होती.

अंकेने काच खाली करून हात हलवला. ते तसेच रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

“बघ, आत्ताच हॉलंडात पोचलेत,” अंके हसली. ती खरोखर खूश होती, आणि तिने ते लपवलं नाही. “छान चालवतेस गं. माझ्यापेक्षा छान. जा उद्या. पोटभर मासे खा दोघं.”

मारेनने तिला घट्ट मिठी मारली.

“पण एक अट,” अंके म्हणाली. “आज माझ्याबरोबर चालवलीस ना, अगदी तशीच चालवायची. तोंड मिटून.”

मारेनचे हात सैल झाले. तिने एकदा खिडकीकडे पाहिलं.

“तोंड मिटलं, तर आजोबांना पाटी दिसणार कशी?”