टाळीचा रंग

पडद्यावर सभागृहातली प्रत्येक खुर्ची ठिपक्यासारखी दिसत होती. मनापासून टाळी वाजवली की ठिपका हिरवा, तोंडदेखली वाजवली की लाल. प्रत्येकाच्या मनगटावरचा, भावना मोजणारा पट्टा फसत नसे. गेल्या वर्षीच्या पुरस्कार सोहळ्यात अभिनेत्री वसुधाचा ठिपका लालभडक झाला आणि चार निर्मात्यांनी तिचे फोन घेणं बंद केलं.

"उत्कृष्ट अभिनेत्री, रेवती गुर्जर!"

महिनाभर सराव केल्याप्रमाणे वसुधाने, रेवतीने एका शूटिंगला स्वतःच्या डब्यातलं तिला दिलेलं थालीपीठ आठवलं आणि टाळ्या वाजवल्या. ठिपका हिरवा झाला. तिचा जीव भांड्यात पडला.

"तुला मिळायला हवं होतं. मला फार वाईट वाटलं गं," शेजारी टाळ्या वाजवणारा तिचा नट नवरा पुटपुटला.

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. अख्ख्या सभागृहात त्याच्याइतका हिरवा ठिपका दुसरा नव्हता.